अण्णांचा शेरा

आमच्या वसुलीवाल्या अण्णांइतका खरं बोलणारा माणूस सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. आणि त्या खऱ्यापायी माझं जेवढं वाटोळं झालं, तेवढं माझ्या सगळ्या थापाड्या मित्रांनी मिळूनही केलेलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही बरं का. राग होता, चांगले काही महिने पुरला. आता उरलाय तो जीवच. थकलेल्या क्रेडिट कार्डाच्या वसुलीला येणाऱ्या माणसावर आपला जीव जडावा, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. बायको म्हणते, "तुमचं सगळंच उफराटं." असेल बाई. पण तीच बाई अण्णा येणार म्हटलं की बिनकांद्याचे पोहे करायची, हे ती सोयीस्करपणे विसरते.

आधी माझं रडगाणं थोडक्यात उरकतो, म्हणजे अण्णांकडं येता येईल. शिरवळच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. आठवडाभर तिकडं खोली, शनिवारी रात्री सांगली. एके दिवशी कंपनीनं आमची लाइनच बंद केली, हातावर तीन महिन्यांचा पगार टेकवला आणि रामराम घातला. घरी आबा होते. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आई गेल्यावर साताऱ्याजवळच्या गावाहून माझ्याकडं राहायला आलेले. नोकरी गेल्याचं कळलं तशी त्यांनी कपाटातून पासबुक काढून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "माझी पेन्शन हाय की रं. घर चालंल. तू निवांत काम बघ." आणि मी, दीडशहाणा, छाती काढून म्हणालो, "आबा, कंपनीनं भरपूर दिलंय. तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही." आबांनी पासबुक परत कपाटात ठेवलं. त्यांच्या तोंडावर तेव्हा अभिमान दिसला होता, आणि त्या अभिमानाच्या जोरावर मी पुढले नऊ महिने किराणा, पोरीची फी, गॅस, इतकंच काय आबांच्या गोळ्यासुद्धा कार्डावर आणल्या. मग कार्ड थकलं. फोन सुरू झाले. सकाळी आठ वाजले की एक गोड आवाजाची बाई "सर, पेमेंट कधी करताय?" विचारायची, आणि दुपारपर्यंत तिचा आवाज बदलून पुरुषाचा व्हायचा. मला त्या फोनची भीती नव्हती. मला भीती एकच होती, की हे आबांना कळेल.

आणि अशा वेळी अण्णा आले. पंचावन्न-छप्पन्नचं वय, काटकुळी अंगकाठी, पांढरा फुल शर्ट आणि खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात उकळलेल्या पाण्याची बाटली. अण्णा आष्ट्याचे जैन. आधी वीस-बावीस वर्षं ते एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे, म्हणजे रोज दुकानोदुकानी फिरून लोकांची दहा-वीस रुपयांची बचत जमा करायची. ती पतसंस्था बुडाली आणि अण्णा या धंद्यात आले. पण पिग्मीची सवय काही सुटली नव्हती. पिग्मीवाला दुकानाच्या पायरीवर नुसता उभा राहतो, काही बोलत नाही, गिऱ्हाईक गेलं की मालक आपसूक गल्ल्यातून नोट काढून देतो. अण्णा थकबाकीदारांच्या दारातही तसेच उभे राहायचे. माझ्या दारात पहिल्या दिवशी सात-आठ मिनिटं उभे होते. मी तयार ठेवलेल्या सगळ्या सबबी मनातल्या मनात तीनदा म्हणून झाल्या, तरी हा माणूस तोंड उघडेना. शेवटी मीच "काय पाहिजे?" विचारलं. तर म्हणाले, "पावनं, तुमचं कार्ड थकलंय. द्या म्हनायला आलोय. न्हाई म्हनायचा तुमाला हक्क हाय." मी नाही म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि मोबाइलवर दाराचा फोटो काढून, नमस्कार करून जिना उतरले.

बँकेनं नेमलेल्या वसुली एजन्सीनं त्यांना एक कागद दिला होता. दमदाटीची वाक्यं पाठ करायला. अण्णांनी तो मला दुसऱ्या भेटीत वाचून दाखवला, शंकांसकट. "ह्यात लिवलंय, 'उद्याच्या उद्या पोलीस घरी येतील' असं म्हनायचं. येतील का न्हाई मला म्हाईत न्हाई, म्हनून मी म्हनत न्हाई. फुडं लिवलंय, 'तुमची इज्जत जाईल.' आता ती तर तुमाला म्हाईतच हाय, मी आनि काय सांगायची?" मग त्यांनी कागद चार घड्या करून पिशवीत ठेवला. अण्णांना खोटं बोलता येत नसे आणि दिवस मावळल्यावर जेवता येत नसे. ही दुसरी गोष्ट सगळ्या सांगलीतल्या थकबाकीदारांना पाठ झाली होती. पाच वाजेपर्यंत कसंबसं निभावलं, की अण्णांची चुळबूळ सुरू व्हायची आणि ते गाडीला किक मारून आष्ट्याकडं पळायचे. एक भाजीवाला तर त्यांना सांगायचा, "साडेपाचला या अण्णा, समदं देतो." अण्णा दोनदा साडेपाचला गेले, दोन्ही वेळा उपाशी झोपले.

पण अण्णांची खरी करामत होती ती शेऱ्यांत. प्रत्येक भेटीनंतर मोबाइलवरच्या कंपनीच्या ॲपमध्ये शेरा लिहावा लागायचा. बाकीची पोरं लिहायची, 'दार बंद', 'भेटला नाही', संपलं. अण्णा माझ्याच जिन्याच्या पायरीवर बसून, चष्मा पुसून, एका बोटानं शेरा टंकायचे आणि तो बरोबर झालाय का म्हणून मला वाचून दाखवायचे. एका घराविषयी लिहिलं होतं, "गृहस्थ आतच होते. मी कडी वाजवल्यावर टीव्हीचा आवाज कमी केला." दुसऱ्या घराविषयी, "बाई रडल्या. निम्मे रडणे खरे वाटले." माझ्याविषयीचा पहिला शेरा असा होता: "नाही म्हणाले. खरेच नाही. पायातली चप्पल शिवलेली आहे." ऑफिसातला साहेब त्यांच्यावर खेकसायचा, "अण्णा, हे काय कादंबरी लिहिताय काय?" अण्णा म्हणायचे, "सायेब, बघितलं ते लिवलं. न बघितलेलं लिवू काय?"

आबांशी त्यांची गाठ पडायचीच होती. दुसऱ्याच आठवड्यात पडली. मी आत पाणी आणायला गेलो आणि बाहेर आबांचा खास फौजी तपास सुरू झाला. माझ्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

"कोन तुमी?"

"आष्ट्याचा."

"काय करता?"

"आधी पिग्मी गोळा करायचो."

"आनि आता?"

"आता बी गोळाच करतो, पर मिळत काय न्हाई."

"हिकडं काय काम काढलं?"

"तुमच्या चिरंजीवांकडं आमचं एक काम अडकलंय. त्ये सुटंस्तवर येत ऱ्हानार."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आबांनी त्यांना विम्याचा एजंट धरलं असं मला वाटलं, आणि त्यांनी अण्णांना बसवून घेतलं. त्या दिवसापासून दर मंगळवारी अण्णा यायचे, आबा त्यांना सियाचीनच्या थंडीत दात कसे वाजायचे ते सांगायचे आणि अण्णा तोंड उघडं टाकून ऐकायचे. आबांचं ऐकून घेणारं असं माणूस आमच्या घरात उरलेलं नव्हतं. मी तर त्यांच्या गोष्टी सुरू झाल्या की मोबाइल काढायचो. मंगळवार आला की आबा सकाळपासून दाढी करून बसायचे.

अण्णांनी मात्र मला जिन्यात गाठून बजावलं होतं. "पावनं, आबांनी मला सरळ इचारलं तर मी सरळ सांगनार. माझ्याच्यानं दुसरं व्हनार न्हाई. त्येंनी इचारायच्या आत तुमी सांगा." मी म्हणालो, पुढल्या आठवड्यात. मग पोरीची परीक्षा होऊ दे म्हणालो. मग आबांचं बी.पी. वाढलंय म्हणालो. हळूहळू असं झालं, की अण्णा पैशाचं विचारीनासेच झाले. दारात आले की हळूच विचारायचे, "सांगितलासा काय?" मी मान हलवायचो. ते "बरं" म्हणून आबांच्या शेजारी जाऊन बसायचे. वसुलीचा माणूस आणि पैशाची वसुली सोडून भलत्याच गोष्टीच्या मागं लागलेला. साहजिकच त्यांचे वसुलीचे आकडे घसरले, साहेब चिडला आणि माझी फाइल अण्णांकडनं काढून दुसऱ्या एजन्सीला दिली. हे सांगायला अण्णा मुद्दाम आले होते. जाताना म्हणाले, "काळजी करू नगा. आबांचं मी नीट लिवून ठिवलंय. फुडचा मानूस समजून घेईल." मी त्यांचे आभारसुद्धा मानले. देवाशपथ, आभार मानले.

पुढच्या सोमवारी सकाळी नव्या एजन्सीचे दोघं आले. एक दाढीवाला, आडदांड. दुसरा पोरसवदा, हातात मोबाइल. आबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. दाढीवाल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ आबांपुढं जाऊन उभा राहिला आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजोबा, तुमच्या पोरानं बँकेचे पैसे बुडवलेत. म्हाईत हाय का?" मी मध्ये पडलो, म्हटलं, बाहेर चला, माझ्याशी बोला. तेव्हा तो पोरगा हसला आणि मोबाइल वर धरून शाळेत धडा वाचावा तसा खणखणीत वाचायला लागला: "वडील सोबत राहतात. त्यांना या कर्जाबद्दल सांगितलेले नाही. वडील अतिशय स्वाभिमानी असून त्यांना फौजेची पेन्शन आहे. त्यांच्यासमोर हा विषय काढू नये, ही नम्र विनंती."

समोरच्या दाराच्या फटीत शेजारीण उभी होती. आबांनी पेपरची घडी केली. "किती?" एवढंच विचारलं. दाढीवाल्यानं आकडा सांगितला. आबा म्हणाले, "उद्या भरतो. आता खाली जावा." ते दोघं खरंच गेले, आबांचा आवाजच तसा होता. मग आबा माझ्याकडं वळले आणि अगदी हळू म्हणाले, "माज्या पैशाला हात लावनार न्हाई म्हनलावतास. मग ह्येंच्याम्होरं हात कसा पसरलास रं? घरात बाप बसलेला असताना?" त्या क्षणी पाय धरायला पाहिजे होते. पण मेलेल्याहून मेल्यासारखं झालं की माणूस चावायला उठतो. मी ओरडलो, "तुमच्याकडं घेतले असते तर जन्मभर ऐकवलं असतं तुम्ही! ती बँक परवडली!" हे शेजारणीनंही ऐकलं. आबा उठले. आत गेले.

दुसऱ्या दिवशी आबांनी गावाकडच्या घराचे पत्रे बदलायला ठेवलेली आपली ठेव मोडली. वसुलीवाले फोनवर म्हणत होते, निम्म्यात मिटवून टाकू. आबांनी मिटवलं नाही. "घेतलंय तेवढं द्यायचं," म्हणाले, तेही माझ्याशी नव्हे, बँकेतल्या कारकुनाशी. त्यानंतर आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलेलो असायचो आणि ते माझ्या बायकोला सांगायचे, "सूनबाई, त्येला म्हनावं पंखा बारीक कर." बायको मला म्हणायची, "आबा म्हणताहेत पंखा बारीक करा." मी पंखा बारीक करायचो. महिन्याभरानं बायकोनं मध्यस्थी सोडून दिली, तेव्हा आबा भिंतीकडं बघून बोलायला लागले. मला वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत, राग उतरला की मी बोलेन. आणि सगळा दोष मी अण्णांच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. भेटू दे म्हातारा, असं म्हणत होतो, जिन्यातनं खाली ढकलतो.

म्हातारा भेटला तो भाद्रपदात, गणपती बुडाल्यावर. पर्युषणाचे दहा दिवस संपले की जैन मंडळी घरोघरी जाऊन, वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागतात. बाकीचे लोक भाऊबंदांकडं, शेजाऱ्यांकडं जातात. अण्णा वर्षभरातल्या सगळ्या थकबाकीदारांकडं निघाले होते. उपासानं आणखी वाळलेले, हातात यादी. लोकांना काय ठाऊक? अण्णांची गाडी दिसली की नेहमीसारखी दारं लागत होती. एका घरात आतून आवाज आला म्हणे, "घरात कोन न्हाई!" अण्णा बाहेरूनच हात जोडून म्हणाले, "नसू द्या. ज्ये कोन नसंल त्येनं क्षमा करावी."

माझ्या दारात ते उभे राहिले, तसेच, न बोलता. मी पुढं सरसावलो. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला, "अण्णा हायसा व्हय? आत या." अण्णा आबांच्या समोर खाली जमिनीवर बसले. हात जोडले. म्हणाले, "आबा, त्ये मी लिवलंतं. तुमाला तरास हू नये म्हनून लिवलं, पर लिवलं मीच. क्षमा करा."

आबा म्हणाले, "मला कळलंतं. एवढं सरळ दुसरं कोन लिवनार? वसुलीचा मानूस हायसा, त्ये बी मला पयल्या दिवशीच कळलंतं."

मी चमकलो. अण्णाही.

"मग इचारलं का न्हाई, आबा?"

"तुमाला कशाला इचारू? ज्येनं सांगायचं त्यो घरातच हुता की." आबांनी अण्णांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. "क्षमा केली, गड्या. तुमी बी करा मला."

मग अण्णा माझ्याकडं वळले. "पावनं, तुमची बी मागतो." मी म्हटलं, "असू दे, अण्णा." सहज म्हटलं, राग कुठं गेला कुणास ठाऊक. आणि आबांनी त्या घटनेनंतर पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. भिंतीकडं नव्हे, माझ्याकडं. नुसते बघत होते. खोलीतल्या तिघांपैकी क्षमा मागायची एकट्या माझीच राहिली होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी उठलो आणि म्हणालो, "चहा टाकतो." स्वयंपाकघरात जाऊन मी गॅसपुढं उभा राहिलो. दूध उतू गेलं तरी उभा होतो. बाहेर आलो तर दोघं जिन्यात गेलेले. आबा अण्णांना सोडायला गेले होते. परत आले ते भिंतीकडं बघत म्हणाले, "चा झाला असंल तर द्या म्हनावं."

माघात आबा गेले. तीन दिवस दवाखान्यात होते, तोंडात नळी. मी पायाशी बसून होतो. तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी नर्सला सलाइनचं विचारत होतो, डॉक्टरला रिपोर्टचं विचारत होतो. घरी आले की बोलू, असं ठरवलं होतं.

यंदाच्या भाद्रपदात अण्णा पुन्हा आले. एजन्सी सोडून आता ते आष्ट्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कापड मापत बसतात. मला वाटलं, रिवाजानं आलेत. बसा म्हटलं. बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "पावनं, एक सांगायचं ऱ्हायलंय. गेल्या वर्साला आबा मला जिन्यात सोडाय आलते, तवा म्हनले, 'मी त्येला कवाच माफ केलंय अण्णा. नुसतं त्येनं एकदा यावं. पर तुमी सांगू नगा, त्येचं त्येला येऊ द्या.' म्या इचार केला, एकदा लिवून घात केलाय, आता तरी गप ऱ्हावं. ऱ्हायलो. आबा गेल्याचं कळलं आनि माझं मला कळलं, हितं बोलाय पायजे हुतं. ह्या वर्साला ह्येची क्षमा मागाय आलोय."

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो; पन्नाशीला आलेला माणूस, दार सताड उघडं, समोर शेजारीण. माघात रडलो नव्हतो तेवढा रडलो. अण्णांनी समजूत घातली नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. शेजारी येऊन बसले तेवढे. डोळे पुसून मी म्हणालो, "अण्णा, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं, आणि ऐकायला अण्णा होते.

ते उठले, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले, "फुडल्या वर्साला येऊ काय?"

"या की अण्णा," मी म्हणालो. "आधीमधी बी येत जावा."

मग मी त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेलो.